‘अ‍ॅन इनलँड व्हॉयेज’ : जलप्रवासातील नियोजन आणि प्रवाहाधीनता

प्रास्ताविक

नदीमार्गाने दूरचा प्रवास करू इच्छिणाऱ्यास मार्ग, मुक्काम, सामान आणि पाण्याची पातळी यांचा विचार आधी करावा लागतो. एकदा होडी पाण्यात लोटली की बराचसा कारभार मात्र नदीच्या हाती जातो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ‘अ‍ॅन इनलँड व्हॉयेज’ हे पहिले पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. १८७६ साली वॉल्टर सिम्पसन या मित्रासमवेत त्यांनी बेल्जियममधील अँटवर्पपासून फ्रान्समधील पोंतवाझपर्यंत केलेल्या कॅनूप्रवासाचे हे वर्णन आहे. प्रथमवाचनी हे पुस्तक स्वच्छंद भटकंतीचे वाटते. प्रस्तुत लेखात या स्वच्छंदतेमागे असलेल्या नियोजनाचा शोध घेतला आहे.

पूर्वसूरी : मॅकग्रेगर

या प्रवासाची पार्श्वभूमी म्हणून जॉन मॅकग्रेगर यांचे १८६६ सालचे ‘अ थाउजंड माइल्स इन द रॉब रॉय कनू’ हे पुस्तक लक्षात घेणे आवश्यक आहे. मॅकग्रेगर यांनी १८६५ साली डॅन्यूब, ऱ्हाईन आदी नद्यांतून एकट्याने प्रवास केला. त्यांची होडी १५ फूट लांब, २८ इंच रुंद व सुमारे ८० पौंड वजनाची होती. ही मापे केवळ तांत्रिक तपशील नव्हेत. होडी बैलगाडीवर वा रेल्वेच्या डब्यात चढवता यावी आणि एका नदीतून दुसऱ्या नदीत नेता यावी, हा विचार त्यांमागे आहे. मॅकग्रेगर यांच्या लेखनात नियोजन हाच कौतुकाचा विषय आहे; वाचकानेही असा प्रवास करावा, असा त्यांचा आग्रह दिसतो. स्टीव्हन्सन यांना असा आग्रह नाही. त्यांच्याकडे नियोजन येते ते बहुधा फसलेल्या वा अडचणीच्या रूपात.

नियोजनाच्या खुणा

‘अरेथ्यूझा’ आणि ‘सिगारेट’ ही दोन कॅनूंची नावे. प्रवासीही पुस्तकात याच नावांनी वावरतात, म्हणजे माणूस आणि होडी यांत भेद उरत नाही. परंतु ही एकरूपता पहिल्याच टप्प्यात खंडित होते. ब्रसेल्सपासून शार्लरवापर्यंत कालव्यावर ५५ लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नाव पुढे सोडणारे बंदिस्त टप्पे, असल्याचे कळताच दोघे होड्यांसह रेल्वेने सरहद्द ओलांडून मोब्यूजला जाण्याचे ठरवतात. जलप्रवासाचे पुस्तक अशा रीतीने रेल्वेच्या आधारावर उभे राहते. सरहद्दीवरील तपासणीचा जाचही लेखक विनोदाने नोंदवतो. नदीला सीमा नसली तरी प्रवाशाला ती चुकत नाही.

मुक्कामांचे चित्रण याहून बोलके आहे. पों-स्यूर-साम्ब्र येथे या दोघांना फेरीवाले समजले जाते. ला फेर येथे ओल्या रबरी पिशव्या हातात घेतलेल्या या पाहुण्यांना पांथशाळेची मालकीण बाहेर काढते. गाव तेव्हा लष्करी सरावासाठी आलेल्या राखीव सैनिकांनी भरलेले होते. पाणी लागू नये म्हणून विचारपूर्वक निवडलेल्या पिशव्याच येथे प्रतिष्ठेच्या आड येतात. सुखवस्तू तरुणांना काही काळ बेघर माणसाचा अनुभव येतो आणि लेखकाचा राग क्षणभर समाजव्यवस्थेकडे वळतो. या प्रकरणात पुस्तकाचा खेळकर सूर प्रथमच कठोर होतो.

प्रवाह आणि पडाव

पावसाने फुगलेल्या वाझ नदीवरील अपघात हा पुस्तकाचा केंद्रबिंदू होय. पात्रात आडव्या पडलेल्या झाडाखालून जाताना लेखक फांद्यांत अडकतो, होडी वाहून जाते आणि तो हातातील वल्हे न सोडता खोडाला लोंबकळत राहतो. येथवर सौंदर्य म्हणून वर्णिलेला प्रवाह येथे मृत्यूचे रूप घेतो. पुढच्या प्रकरणांतील शांत, तंद्रीयुक्त वर्णनांना याच प्रसंगामुळे वजन येते.

तथापि, पडावांवर राहणाऱ्या कुटुंबांविषयीचे लेखन याच कसोटीवर उणे ठरते. ‘देओ ग्रातियास’ या पडावावरील पक्षीप्रेमी दांपत्याचे चित्र मोहक आहे. पण पडाववाल्याचे जीवन निवांत व निश्चिंत म्हणून रंगवताना त्याचे श्रम दृष्टीआड होतात. म्हातारपणी पडावावर राहून युरोपचे कालवे हिंडावेत, असा बेत लेखक आखतो. सिम्पसनला उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रात या बेताची अखेर कळते. विकत घेतलेला पडाव नांगरल्या जागीच कुजला आणि अखेर विकला गेला. त्याच्यासोबत दोन्ही कॅनूही विकल्या गेल्या. हा मजकूर ग्रंथारंभी असल्यामुळे पुढील स्वप्नाळू वर्णनावर त्याची सावली पडते. मजूर जीवनाविषयीची लेखकाची भाबडी कल्पना त्याच्याच हिशेबाने तपासली जाते.

कोंपिएन्य येथील पत्रांचा प्रसंगही असाच आहे. टपाल तेथे यावे अशी व्यवस्था प्रवाशांचीच. पत्रे हाती पडताच मात्र सुट्टीचा भाव नष्ट झाल्याची तक्रार लेखक करतो. घराशी जोडणारा धागा प्रवाशाने स्वतःच बांधलेला असतो, ही जाणीव त्या तक्रारीत दडलेली आहे.

निष्कर्ष

मॅकग्रेगर यांनी नियोजनाला गुण मानले. स्टीव्हन्सन यांनी त्याच्या मर्यादा दाखवल्या. पण रेल्वे, कालवे, टपाल आणि खिशातील पैसा यांवाचून त्यांची मुक्तता संभवत नव्हती, हे त्यांच्याच संहितेवरून सिद्ध होते. पुस्तकाचे वाङ्मयीन मूल्य या विसंगतीने घटत नाही. प्रवाहाधीन होण्याचा आनंद सांगणाऱ्या लेखकाने परतीच्या खुणा पुसून टाकल्या नाहीत, यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. मात्र ज्यांना परतीचे घर पाण्यावरच होते, त्या पडाववाल्यांच्या बाजूने ही नदी पाहिली गेली नाही, ही त्रुटी नोंदवल्याशिवाय या प्रवासवर्णनाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.