भुताची जात आणि कलादालनाची भिंत

जुन्या भयपटांवरून चित्रे काढायची आणि ती कलादालनात एकत्र मांडायची, ही रीत आता पाश्चात्त्य देशांत रुळली आहे. लॉस एंजेलिसच्या 'गॅलरी १९८८'ने २००७ साली 'क्रेझी फोर कल्ट' हे समूहप्रदर्शन सुरू केले, त्यात भयपटांनाही जागा मिळाली. या तऱ्हेच्या चित्रांविषयी माझी एकच तक्रार आहे. चित्रकार बहुधा राक्षसाचा चेहरा उचलतो आणि त्याच्यामागे धावणारा जमाव चौकटीबाहेर ठेवतो.

१९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन' घ्या. रंगभूषाकार जॅक पियर्सने बोरिस कार्लॉफला दिलेले सपाट डोके, मानेतले खिळे जगाला पाठ आहेत. पण शेवटी काय होते? गाव मशाली घेऊन निघते, तो जीव पवनचक्कीत कोंडला जातो आणि चक्की पेटवली जाते. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत हाच जीव वाचायला शिकतो, स्वतःची बाजू मांडतो. चित्रपटाने त्याची वाचाच काढून घेतली. नाव तर कादंबरीतही नाही. लोक त्याला त्याच्या निर्मात्याच्या नावाने ओळखतात!

मी जालना जिल्ह्यात बसून हे लिहितो आहे. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होता. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे पेटवली गेली. मशाल कोणाच्या हातात असते आणि छप्पर कोणाचे जळते हे ज्या मुलखाने पाहिले, तिथल्या माणसाला पवनचक्कीचे दृश्य निव्वळ करमणूक वाटत नाही.

आपल्याकडे तर भुतालाही जात आहे. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो. त्याला पिंपळ मिळतो, पार मिळतो, शेंदूर-नारळही मिळतो. खवीस मात्र मुसलमानाचा, नाहीतर महार-मांगाचा, असे जुनी लोकसमजूत सांगते. म्हणजे मेल्यावरही गावकूस सुटत नाही. २०२४ च्या 'मुंज्या'तल्या भुताला घर आहे, कुळ आहे, अपुरी राहिलेली इच्छा आहे. खविसाची इच्छा कोणी विचारली? रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) राजा सामरीचा शिरच्छेद करवतो, आणि पुढे सगळी कणव शापित राजघराण्याच्या वाट्याला जाते. कॅमेरा हवेलीतून बाहेर पाहतो. बाहेरून हवेलीकडे पाहणारा चित्रकार आपल्या वस्तीतूनच यावा लागेल, आणि त्याने खवीस रंगवताना सुळे-शिंगांची उसनवारी करू नये.

जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये नायक बेन कृष्णवर्णीय आहे. ड्वेन जोन्सने ती भूमिका केली. बेन दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून रात्रभर चालत्या प्रेतांशी झुंजतो, एकटा वाचतो. सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी येते आणि त्याला प्रेत समजून गोळी घालते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. भूमिका कृष्णवर्णीय नटासाठी लिहिली नव्हती असे रोमेरो सांगत असत. पडद्यावर जे दिसते ते मात्र त्या खुलाशाने पुसले जात नाही. गोळीनंतर चित्रपट हलायचा थांबतो. वर्तमानपत्रात छापतात तशी रवाळ, स्थिर छायाचित्रे एकामागून एक येतात. त्यांत मांस ओढायचे आकडे आहेत, टोळीतली माणसे आहेत, बेनचा देह आहे. मग सरण पेटते. प्रदर्शनाच्या भिंतीवर मला ही छायाचित्रे रंगवलेली पाहायची आहेत, आकडा धरलेल्या हातांसकट.