काँक्रीटचे जतन आणि वापराचा प्रश्न : सिंगापूरचे गोल्डन माइल कॉम्प्लेक्स

प्रस्तुत टिपणात सिंगापूरच्या बीच रोडवरील गोल्डन माइल कॉम्प्लेक्स या वास्तूच्या जतनाचा चिकित्सक विचार केला आहे. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाडे, मंदिरे आणि दगडी कमानी उभ्या राहतात. अवघ्या पन्नास वर्षांची काँक्रीटची इमारतही वारसा ठरू शकते, हे आपल्याकडील सुशिक्षितांच्याही सहसा पचनी पडत नाही.

विल्यम लिम, टे खेंग सून व गान एंग ऊन यांच्या ‘डिझाइन पार्टनरशिप’ या संस्थेने आखलेली ही १६ मजली इमारत १९७३ मध्ये पूर्ण झाली. खाली दुकाने, मध्ये कार्यालये आणि वर घरे, अशी तिची रचना होय. पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकणाऱ्या मजल्यांमुळे घरांना उजेड, वारा व पाण्याकडील दृश्य लाभले. पुढे येथे थाई खानावळी, किराणा दुकाने व थायलंडकडे जाणाऱ्या बसगाड्यांच्या तिकीटकचेऱ्या आल्या. रचनाकारांनी हे योजिले नव्हते. वास्तूने ते सामावून घेतले, आणि माझ्या मते तिचे खरे यश हेच. तथापि सज्जांवर रहिवाशांनी ठोकलेले पत्रे पाहून २००६ मध्ये तेथील संसदेत एका सदस्याने तिची ‘उभी झोपडपट्टी’ अशी संभावना केली.

१९७६ चे ३८ मजली पर्ल बँक अपार्टमेंट्स २०१८ मध्ये विकले गेले व नंतर पाडण्यात आले. गोल्डन माइलला मात्र ऑक्टोबर २०२१ मध्ये संरक्षण मिळाले. त्यासाठी विकासकाला सुमारे एकतृतीयांश वाढीव बांधकामक्षेत्र देऊ करण्यात आले. मुंबईत उपकरप्राप्त जुनी इमारत पाडून नवी बांधली की वाढीव चटईक्षेत्र मिळते. येथे ते न पाडण्याबद्दल मिळाले. ही योजना निःसंशय अनुकरणीय आहे.

परंतु जतन नेमके कशाचे झाले? २०२२ मध्ये ७० कोटी सिंगापूर डॉलरला वास्तूची सामूहिक विक्री झाली. अशा विक्रीस ८० टक्के मालकीहिश्श्याची संमती लागते. भाडेकरूला त्यात मत नसते. खानावळवाले बहुतांशी भाडेकरूच. मे २०२३ पर्यंत सर्वांना गाळे सोडावे लागले. संरक्षणाच्या अटी दर्शनी भागाविषयी व सांगाड्याविषयी बोलतात, गाळ्यांच्या भाड्याविषयी नव्हे. काही थाई व्यावसायिकांनी शेजारच्या गोल्डन माइल टॉवरमध्ये बस्तान हलविले. त्या इमारतीला असे कोणतेही संरक्षण नाही.