संतधर्म आणि स्वराज्य : न्या. रानडे यांच्या मांडणीचा पुनर्विचार

स्वराज्याची पायाभरणी संतांनी केली आणि ही चळवळ युरोपातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेशी समांतर होती, असे प्रतिपादन न्या. म. गो. रानडे यांनी 'राइज ऑफ द मराठा पॉवर' (१९००) या ग्रंथात केले. राजवाडे यांनी संतांच्या निवृत्तिपरतेवर बोट ठेवून ते नाकारले. तो वाद सुपरिचित आहे. प्रस्तुत लेखकास प्रश्न पडतो तो निराळाच. अफजलखानाच्या स्वारीतील (१६५९) तुळजापूर-पंढरपूरचा उपद्रव राष्ट्रकथेत ठळक होतो. मंगळवेढ्याच्या चोखोबांचा स्वधर्मीयांकडून झालेला छळ तीत मावत नाही. रानडे चोखोबांचा दाखला देतात, पण जातिबंधन सैल झाल्याचा पुरावा म्हणून! वस्तुतः चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली, आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. स्वातंत्र्यास तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते. युरोपात छळ सोसलेल्या पंथांनी स्वतंत्र चर्च स्थापिली, काहींनी समुद्रही ओलांडला. चोखोबांची तक्रार मात्र विठ्ठलापाशीच राहिली. रानडे यांची तुलना येथे अडखळते. डॉ. आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. वाट मात्र १९५६ मध्ये वेगळी धरली.