विशेषनामांचा त्याग : ब्राँटे भावंडांची बालसृष्टी आणि तिचे उत्तरायुष्य

बालपणीची कल्पनाशक्ती हा प्रतिभेचा अक्षय झरा होय, हे विधान समीक्षेत इतक्या वेळा केले जाते की, ते तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. झऱ्याची उपमा मोहक असली तरी तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. कल्पनेच्या राज्यात रमणारी मुले असंख्य असतात. त्यांपैकी फारच थोड्यांच्या हातून पुढे साहित्य निर्माण होते. मग बालकल्पनेतील जे साहित्यात टिकते ते नेमके काय, आणि ते कोणत्या प्रक्रियेतून टिकते? या प्रश्नाच्या विचारास इंग्लंडमधील ब्राँटे भावंडांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. एकाच घरात, एकाच खेळात वाढलेल्या चार मुलांची वाटचाल येथे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

१८२६ च्या जूनमध्ये यॉर्कशरमधील हॉवर्थ या गावचे धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे यांनी लीड्सहून आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. घरात आई नव्हती. दोन थोरल्या बहिणी आदल्याच वर्षी मरण पावल्या होत्या. उरलेल्या चार भावंडांनी, म्हणजे शार्लट, ब्रॅन्वेल, एमिली आणि ॲन यांनी, त्या शिपायांना नावे दिली आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्यासाठी 'ग्लास टाउन' नावाचे राज्य वसविले. त्यातूनच पुढे शार्लट आणि ब्रॅन्वेल यांचे 'अँग्रिया' निर्माण झाले. एमिली आणि ॲन यांनी वेगळे होऊन उत्तर पॅसिफिक महासागरात 'गोंडाल' नावाचे स्वतःचे बेट कल्पिले.

हा खेळ म्हणजे निव्वळ स्वैर मनोराज्य नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सुमारे दोन इंच उंचीच्या वह्यांत, छापील अक्षरांचे अनुकरण करणाऱ्या सूक्ष्म लिपीत, ही मुले त्या राज्याची मासिके काढीत. त्यांत कथा असत, कविता असत, पुस्तकपरीक्षणे असत, जाहिरातीही असत. राज्याला नकाशा होता, इतिहास होता. ब्रॅन्वेलने शिपायांना एक निराळी बोलीही दिली होती. तात्पर्य, मुलांनी येथे संकेतांची एक व्यवस्था उभारली होती आणि ती चौघांना बंधनकारक होती. भाषेप्रमाणेच अशा व्यवस्थेतही एकट्याच्या लहरीला फारसे स्थान नसते.

त्याचप्रमाणे ही सृष्टी निष्पापही नव्हती. तिची सामग्री मुलांना घरी येणाऱ्या 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मधून, भूगोलाच्या पुस्तकांतून आणि वेलिंग्टनच्या पराक्रमाच्या वार्तांतून मिळाली होती. आफ्रिकेची भूमी गोऱ्या वीरांनी जिंकावी आणि अशांती लोकांनी पराभूत व्हावे, ही त्या काळच्या साम्राज्याची कल्पना मुलांच्या खेळात जशीच्या तशी उतरली. बालकल्पनेला समाजापासून अलिप्त व निर्मळ मानणाऱ्यांनी या बाबीचा अवश्य विचार करावा. 'जेन एअर'मध्ये जमेकाहून आणून कोंडून ठेवलेल्या पत्नीचे चित्रण वाचताना या वारशाचा विसर पडू नये. बालपणापासून लेखकाकडे जे येते त्यात त्या काळाचे दोषही येतात.

आता उत्तरायुष्याकडे वळावे. १८४४ मध्ये एमिलीने आपल्या कविता दोन वह्यांत नीट उतरून काढल्या. त्यांपैकी एक वही केवळ गोंडालविषयक कवितांची होती. १८४६ मध्ये तिघी बहिणींचा संग्रह टोपणनावांनी प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील गोंडाल-कवितांमधून तेथील व्यक्तींची व स्थळांची नावे काढून टाकण्यात आली. मृत प्रियकराला उद्देशून लिहिलेल्या एका विख्यात कवितेत किनाऱ्याचे विशेषनाम जाऊन त्या जागी केवळ दिशावाचक विशेषण आले. बदल एका शब्दाचा आहे; परंतु कविता बेटावरून उठून वाचकाच्या जगात येते ती या बदलामुळेच. भट्टनायकाने रसविचारात ज्या व्यापारास साधारणीकरण म्हटले, तोच येथे व्याकरणाच्या पातळीवर घडताना दिसतो. पात्राचे व स्थळाचे विशिष्टत्व गळते आणि भाव मात्र शाबूत राहतो.

एमिलीने गोंडालचा त्याग केला होता, असे मात्र नव्हे. १८४५ मध्ये ॲनबरोबर यॉर्कच्या प्रवासास निघाली असता, सत्ताविसाव्या वर्षीही, ती गोंडालमधील पात्रांच्या भूमिका करीत होती. ॲनला त्या खेळाची गोडी उरली नसल्याचे तिच्या त्याच वर्षीच्या टिपणावरून दिसते. 'ॲग्नेस ग्रे'ला तिने आधार घेतला तो शिक्षिका म्हणून आलेल्या अनुभवाचा. एमिलीच्या 'वुदरिंग हाइट्स'मध्ये (१८४७) गोंडालचे एकही नाव नाही. तेथे यॉर्कशरचे माळ आहेत, आणि नायक आहे हीथक्लिफ. 'माळ' आणि 'कडा' या दोन सामान्यनामांचा हा जोड. तोच त्याचे नाव आणि तोच आडनाव.

शार्लटचा मार्ग निराळा. सुमारे १८३९ मध्ये तिने अँग्रियाचा जाणीवपूर्वक निरोप घेतला. त्यानंतर लिहिलेल्या 'द प्रोफेसर' या कादंबरीत तिने अद्भुत आणि भडक प्रसंगांना कटाक्षाने दूर ठेवले. ती कादंबरी प्रकाशकांनी वारंवार नाकारली आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १८५७ मध्येच प्रसिद्ध झाली. उलट 'जेन एअर'मध्ये (१८४७) अँग्रियाचा गर्विष्ठ, विकारवश नायक झमोर्ना हा रॉचेस्टरच्या रूपाने परतला. परंतु या वेळी त्याचे राज्य आणि त्याची पदवी गेलेली होती, आणि त्याच्यासमोर स्वतःच्या कष्टावर जगणारी एक शिक्षिका उभी होती. बालसृष्टीतील आवेग संपूर्ण नाकारणे हे तिला तारक ठरले नाही. त्या आवेगाला परक्या वस्तुस्थितीच्या कसोटीस लावणे मात्र ठरले.

ब्रॅन्वेलच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले. खेळाचा आरंभ त्याच्या शिपायांपासून झाला होता, आणि बालवयातील उत्साहात तो कोणाहून कमी नव्हता. प्रौढपणी मात्र 'हॅलिफॅक्स गार्डियन'मध्ये कविता छापताना तो 'नॉर्थअँगरलंड' ही सही करीत असे. हे अँग्रियातील त्याच्या आवडत्या खलपुरुषाचे नाव. बहिणींनी जी विशेषनामे गाळली, त्यांतीलच एक त्याने स्वतःला लावून घेतले. १८४८ मध्ये एकतिसाव्या वर्षी तो मरण पावला. त्याच्या अपयशास व्यसनादी अन्य कारणेही होती. सर्व भार या एका गोष्टीवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि त्या सहीचा अर्थ दृष्टिआड करता येत नाही.

एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७ च्या आपल्या शार्लट-चरित्रात या इवल्या हस्तलिखितांचा उल्लेख केला. त्यांचे वाङ्मयीन महत्त्व विस्ताराने मांडले ते फॅनी रॅचफर्ड यांनी १९४१ मध्ये. तेव्हापासून प्रौढ कृतींतील पात्रांची मुळे बालसृष्टीत शोधण्याचा प्रघात पडला. ते कार्य उपयुक्त आहे. पण साम्ये मोजून थांबणारी समीक्षा मूळ प्रश्नाला स्पर्श करीत नाही, कारण साम्ये ब्रॅन्वेलच्याही लेखनात विपुल आहेत. बालकल्पना चिरकाल फलदायी होते ती जतन केल्यामुळे नव्हे, तशीच टाकून दिल्यामुळेही नव्हे. आपल्या राज्याची नावे पुसूनही त्यातील भावना परक्या वाचकाला कळेल, असे लिहिण्याची तयारी ज्याच्यापाशी असते, त्याच्याच बाबतीत ती साहित्य होते.