‘कौल-ए-फैसल’ : आरोपीच्या पिंजऱ्यातील धर्मविचार

मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव आपल्याकडे अहमदनगरच्या किल्ल्याशी जोडले गेले आहे. परंतु त्यांच्या उर्दू गद्याचे तेज पाहावयाचे तर १९२२ च्या ‘कौल-ए-फैसल’कडे वळले पाहिजे. कलकत्त्यातील दोन भाषणांबद्दल त्यांच्यावर १२४-अ कलमाखाली खटला झाला, त्यातील हे लेखी निवेदन होय. नावाचा अर्थ ‘निर्णायक वचन’.

मराठी वाचकास येथे १९०८ च्या टिळक-खटल्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कलम तेच; परंतु टिळकांनी शब्दाशब्दाचा कीस काढून आपले लेख राजद्रोही नाहीत असे प्रतिपादिले, तर आझादांनी आरोप सरळ मान्य केला. जुलमास जुलूम म्हणणे हे मुसलमानाचे कर्तव्यच आहे, आणि जुलमी सत्ताधीशापुढे सत्य बोलणे हा श्रेष्ठ जिहाद होय, हे पैगंबरवचन त्यांचा आधार. पुढचा युक्तिवाद कैमुतिक न्यायाचा आहे : जो धर्म मुसलमान राज्यकर्त्याचाही जुलूम सोसू देत नाही, तो परकी नोकरशाहीचा कसा सोसू देईल? या एका पायरीमुळे विरोधाचे लक्ष्य परधर्म राहत नाही, अन्याय होतो. निवेदनाचे खरे सामर्थ्य आम्हांस येथे दिसते.

उणिवाही दृष्टीआड करता येत नाहीत. पहिल्या चार खलिफांचा काळ लोकसत्तेचा आदर्श म्हणून पुढे येतो. त्यांपैकी तिघांची हत्या झाली, हे कटू सत्य त्या उजेडात झाकोळते. ज्या खिलाफतीसाठी चळवळ पेटली, ती तर १९२४ साली खुद्द तुर्कस्थाननेच विसर्जित केली.

मग धर्मग्रंथावर उभारलेला हा विचार इतरांस परका ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्यांच्या मालिकेत आझाद सॉक्रेटिस व ख्रिस्त यांनाही मानाने स्थान देतात. न्यायाधीशाविषयी कटुता न बाळगता ते अखेरचा निकाल काळाच्या न्यायालयावर सोपवितात. ९ फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

मंडालेत ‘गीतारहस्य’ सिद्ध झाले. रांचीच्या स्थानबद्धतेत आझाद कुराणाच्या भाष्यात गढले होते. स्वधर्माच्या खोल विहिरीतून काढलेले पाणी शेजाऱ्याचीही तहान भागवू शकते, एवढे या दोघांना शेजारी ठेवून वाचले म्हणजे पटते. शिक्षकांनी ते तसे वाचावे, ही आमची शिफारस.