‘उंबरठा’ : भरल्या घरातली एकटी

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते या सांगलीत, त्यामुळं इथं नाटकावर बोलणं सोपं. आज मात्र सिनेमाकडं वळू. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’, साल १९८२.

मूळ कादंबरी शांता निसळांची, तिचं नाव ‘बेघर’. तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला सिनेमा ‘उंबरठा’. हिंदीत तोच ‘सुबह’. एकाच बाईच्या एकटेपणाची ही तीन निदानं. मला मधलं पटतं. स्मिता पाटीलनं उभी केलेली सुलभा बेघर नाही. वकील नवरा, मुलगी, भरलेलं घर, सगळं आहे. पण तिथं ती सून आहे, बायको आहे, आई आहे. नुसती सुलभा कुणालाच नकोय. म्हणून ती महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला निघते.

मार्टिन बूबर हा तत्त्वज्ञ दोन प्रकारची नाती सांगतो: ‘मी–तू’ आणि ‘मी–ते’. समोरच्याला एकतर आपण भेटतो, नाहीतर हाताळतो. सुलभाला भेट हवीय. आश्रमात वाट्याला येतो तो कारभार.

आता अडचणीचा मुद्दा. आश्रमातल्या दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम आहे. त्या काळात मराठी पडद्यावर हे आणणं धाडसाचंच. पण सुलभा त्याकडं नातं म्हणून बघत नाही, आजार म्हणून बघते. म्हणजे बघा, जी बाई जवळीक शोधत घराबाहेर पडली, तिला ती समोर असताना ओळखता येत नाही! ही मर्यादा सुलभाची की सिनेमाची? माझ्या मते दोघांची. कारण तिच्या या नजरेला सिनेमाही प्रश्न विचारत नाही.

इथं सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई आठवतात. जोतीराव आणि त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि पुढं आश्रयाला आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. आश्रय देणारे आणि घेणारे यांच्यातला उंबरठाच तिथं पुसला गेला. सुलभाच्या आश्रमात तो शेवटपर्यंत राहतो.

अखेर ती घरी परतते. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलीय, मुलगी जावेची झालीय. ती पुन्हा निघते. याला कुणी विजय म्हणतं, कुणी हार. मी म्हणेन, शोध अपुरा आहे. सिनेमा परत बघाल तेव्हा सुलभासाठी हळहळा जरूर, पण त्या दोघींकडंही नीट बघा.