ब्रिटिश जीवनाच्या कथा आणि कामतघरचा विद्यार्थी

महाराष्ट्रातील इयत्ता बारावीसाठी २०२० मध्ये आलेल्या इंग्रजी 'युवकभारती'त ब्रिटिश जीवनाचे दर्शन घडविणारे दोन पाठ आढळतात. एक ए. जी. गार्डिनर यांचा 'ऑन सेइंग प्लीज' हा लघुनिबंध आणि दुसरी व्हर्जिनिया वुल्फ यांची 'द न्यू ड्रेस' ही १९२७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली कथा. पहिला पाठ निबंध म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा आरंभ एका लहानशा गोष्टीने होतो व पुढील सारे विवेचन त्या गोष्टीच्याच आधाराने उभे राहते. अशा पाठांतून विद्यार्थ्यास नित्य व्यवहारातील इंग्रजी अवगत होईल, अशी अपेक्षा बाळगली जाते. ती रास्त आहे काय, आणि असल्यास कोणत्या अर्थाने, हे ठरविण्यासाठी एका विशिष्ट विद्यार्थ्याचा विचार करणे सोयीचे होईल.

भिवंडीतील कामतघर ही वऱ्हाळा तलावाच्या काठची वस्ती. यंत्रमागांच्या ह्या नगरीत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आपली तेलुगू आणली. आगरी बोली येथली मूळची. हिंदी व उर्दू कारखान्याच्या आणि बाजाराच्या भाषा. येथील पुष्कळ मुले घरी एक, शाळेत दुसरी व रस्त्यावर तिसरी भाषा बोलतात. इंग्रजी शब्दांची तर येथे मुळीच वाण नाही. बीम, बॉबिन, शटल, सायझिंग, ग्रे हे शब्द ज्यांना इंग्रजी लिपीही येत नाही अशा माणसांच्याही तोंडी असतात, आणि अलीकडे भिवंडीभोवती पसरलेल्या गुदामांनी त्यांत डिलिव्हरी, पेंडिंग, गेटपास यांची भर घातली आहे. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेत सुरू होत असल्यामुळे बारावीच्या विद्यार्थ्यामागे तिच्या अध्ययनाची बारा वर्षे उभी असतात. तरीही परक्या माणसाकडे काही मागावयाचे, काही नाकारावयाचे किंवा नुसता निरोप घ्यावयाचा, असा प्रसंग आला की हाच विद्यार्थी अडखळतो. म्हणजे उणीव आहे ती नामांची नव्हे. बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे नाते ज्या रचनांनी सांभाळले जाते, त्या रचनांची आहे.

ही उणीव कशी निर्माण होते, हे थोडे तपशिलाने पाहावयास हवे. मराठीत आदर क्रियापदात वसतो. 'दे', 'द्या', 'द्यावे' ह्या तीन रूपांत तीन नाती आहेत, आणि 'तू', 'तुम्ही', 'आपण' ही सर्वनामे त्यांना दुजोरा देतात. तेलुगूत 'नुव्वु' व 'मीरु' हा भेद आहे, नावापुढे 'गारु' आहे. हिंदीत 'आप' आणि 'दीजिए' आहे. कामतघरचा विद्यार्थी जितक्या भाषा जाणतो, त्या सर्वांत आदराची जागा ठरलेली आहे. इंग्रजीने मात्र एकवचनी 'दाउ' नित्याच्या प्रमाण बोलीतून सतराव्या-अठराव्या शतकांच्या सुमारास टाकून दिले, आणि तिच्या आज्ञार्थाला आदरार्थी रूप असे नाहीच. त्यामुळे 'पाणी द्या' ह्या निर्दोष, सभ्य वाक्याचे 'गिव्ह मी वॉटर' झाले की व्याकरण शाबूत राहते, पण 'द्या'मधील 'या' वाटेतच गळतो. बोलणारा सभ्यच असतो. ऐकणाऱ्याला तो उद्धट वाटतो. मुलाखतीच्या टेबलापाशी किंवा गुदामाच्या कचेरीत ह्या गळलेल्या प्रत्ययाची किंमत त्या मुलाला मोजावी लागते, आणि आपले काय चुकले हे त्याला कोणी सांगत नाही. कारण व्याकरणाच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते.

ज्या 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'वर महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांचे इंग्रजी पोसले, तिचे ऋण मोठे आहे. परंतु वाक्यास वाक्य जुळविण्याच्या पद्धतीला हा दोष दिसू शकत नाही, हेही खरे. सुट्या वाक्याला बोलणारा नसतो व ऐकणाराही नसतो. कथेत दोघेही असतात. कथेचे भाषाशिक्षणातील खरे सामर्थ्य हेच होय; शब्दसंग्रहाची वाढ हा त्यातील गौण लाभ.

गार्डिनर यांच्या पाठातील उद्वाहनचालक, म्हणजे लिफ्टवाला, 'प्लीज' न म्हणणाऱ्या प्रवाशाला बाहेर ढकलतो. वर्गात ह्या प्रसंगावरून बहुधा सौजन्याचे महत्त्व शिकविले जाते. परिणामी विद्यार्थ्याची अशी समजूत होते की इंग्रज माणूस नम्र आणि आपण रांगडे, कारण आपल्या घरात 'कृपया' कोणीच म्हणत नाही. वस्तुतः 'कृपया' हा शब्द सूचनाफलकांवर व अर्जांत राहतो. आईने मुलाला किंवा गिऱ्हाइकाने दुकानदाराला तो उच्चारला, तर ऐकणारा चमकेल. मराठीचे 'प्लीज' क्रियापदात, 'जरा'मध्ये, 'ना'मध्ये आणि स्वराच्या हेलात विखुरलेले आहे. नैतिक पाठाआधी हा भाषिक पाठ दिला गेला, तर लिफ्टवाल्याचा संताप विद्यार्थ्याला नेमका कळेल: शब्द गाळणाऱ्या प्रवाशाने त्याच्या कानी जणू 'तू' घातले होते. त्याच निबंधातील बसवाहकाचा प्रसंग तर कामतघरच्या मुलाला इंग्रज मुलापेक्षा अधिक जवळचा वाटावा. लंडनच्या बसगाड्यांतील वाहक आता जवळजवळ इतिहासजमा झाले आहेत, एस. टी. चा वाहक त्याच्या परिचयाचा आहे.

वुल्फ यांची कथा ह्याहून पुष्कळच अवघड. तिची प्रदीर्घ वाक्ये एका मनाच्या आत फिरत राहतात. संवाद असे थोडेच. नित्याच्या इंग्रजीचा नमुना म्हणून ही निवड प्रथमदर्शनी चुकलेली वाटते, आणि अर्धीअधिक कथा वर्गात केवळ सारांशरूपाने उरत असेल तर नवल नाही. परंतु जे थोडे बोलणे तीत आहे, त्याचे मोल असाधारण आहे. मिसेस डॅलोवे यांच्या मेजवानीस आलेल्या मेबल वेअरिंगला आपला नवा, जुन्या धाटणीचा पिवळा रेशमी पोशाख क्षणोक्षणी बोचत असतो. रोझ शॉ त्याची तोंडभर स्तुती करते आणि त्याच वेळी तिला आपादमस्तक न्याहाळते. शब्द गोड, नजर वेगळी. कोश हा फरक सांगू शकणार नाही.

कथेच्या शेवटचा निरोप तर भाषाशास्त्राच्या वर्गात मांडावा असा आहे. यजमानीण म्हणते, इतक्या लवकर कशाला. मेबल आपला नाइलाज सांगते. आणि संध्याकाळ फार आनंदात गेली असे वर म्हणते. तीन चाली, तिन्ही ठरलेल्या. इंग्रजीत असा नाइलाज 'आय ॲम अफ्रेड' ह्या शब्दांनी सुरू होतो. त्याचे भाषांतर 'मला भीती वाटते' असे करणाऱ्या विद्यार्थ्याला मेबल नेमकी कशाला भ्याली असा प्रश्न पडेल. मागाहून मेबल स्वतःच आपल्या बोलण्याला खोटेपणा म्हणून धिक्कारते. येथे बरेच वाचक तिच्या बाजूने उभे राहून इंग्रजी शिष्टाचारालाच ढोंगी ठरवितात. हा न्याय घाईचा आहे. मराठी माणूस निघताना 'येतो' म्हणतो. तो येत नसतो, जात असतो. तरी त्याला कोणी लबाड म्हणत नाही, उलट 'जातो' म्हणणाऱ्याकडे घरातील वडीलधारे डोळे वटारून पाहतात. 'येतो' हे विधान नव्हे, ती निरोपाची क्रिया आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी उच्चाराकडे कृती म्हणून पाहण्याची जी दृष्टी दिली, तिचे ह्याहून घरगुती उदाहरण मिळणे कठीण. मेबलचे दुःख ती खोटे बोलली ह्यात नाही; सर्वांना जे सहज जमते ते तिच्या जिभेवर कायम परके राहते, ह्यात आहे. दुसऱ्या भाषेत बोलू पाहणाऱ्याला ही वेदना समजावून सांगावी लागत नाही.

मिस मिलन ह्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या खोलीतील प्रसंगाकडेही कामतघरात निराळ्या नजरेने पाहिले जाईल. ती उकाड्याची, शिजत्या कोबीच्या वासाची खोली, टाचण्या तोंडात धरून जमिनीवर सरपटणारी कारागीर, आणि तिच्याविषयी अकस्मात मेबलच्या मनात दाटून येणारी माया. कापडावर जगणाऱ्या गावातील मुलगा ह्या कथेत मेबलच्या नव्हे, मिस मिलनच्या जागी उभा राहून आत शिरेल. ब्रिटिश जीवन म्हणजे केवळ मेजवान्या नव्हेत, हे त्याला येथे उमगते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. हा विद्यार्थी उद्या इंग्रजी बोलेल ते बहुतांशी भारतीयांशीच. मग लंडनची रीत त्याने का शिकावी? त्याच पुस्तकात आर. के. नारायण यांची 'ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे' ही कथा आहे, आणि वातावरणाच्या दृष्टीने ती निःसंशय जवळची. परंतु त्या कथेतील माणसे प्रत्यक्षात इंग्रजी बोलत नाहीत. त्यांचे देशी बोलणे लेखकाने इंग्रजीत मांडले आहे. विनंती, नकार व निरोप इंग्रजीत कसे घडतात, हे पाहण्यास ती पुरी पडणार नाही. उलट ब्रिटिश कथेतील रीत अनुकरणासाठी नव्हे, तुलनेसाठी घेतली, तर विद्यार्थ्याला आपल्याच भाषेतील ठेवा दिसू लागतो. 'कुड आय' मध्ये भूतकाळाचे रूप कशाला, असे त्याला वाटते. पण 'तुम्हाला एक विचारायचे होते' असे म्हणताना तोही वर्तमानातील इच्छा भूतकाळात ढकलून तिची धार बोथट करीतच असतो.

तेव्हा 'द न्यू ड्रेस' समग्र शिकविण्याचा अट्टाहास सोडून आगमन, रोझ शॉची स्तुती आणि जिन्यापाशीचा निरोप एवढे तीन प्रसंग मोठ्याने वाचून घ्यावेत, आणि प्रत्येक उच्चारापुढे तेच नाते घरच्या भाषेत कसे बोलले जाईल ते मुलांकडून लिहवून घ्यावे. वर्गात मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू अशा चार रकान्यांची वही तयार होईल. निरोपाच्या ओळीसमोर मराठीच्या रकान्यात 'येतो' असेल. उरलेले रकाने कसे भरावयाचे, हे शिक्षकापेक्षा समोरच्या बाकांवरची मुलेच अधिक जाणतात.